ठिणगीची गोष्ट : रंजकीपासून प्रायमरपर्यंत

मी होसकोट्याहून बोलतोय. बंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे गाव.

मागच्या भागानंतर अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी श्रोत्याने प्रश्न पाठवला. तो म्हणतो, ‘‘साहेब, मी इथे रीतसर पिस्तूल घेतलं आहे, रेंजवर जातो. आता रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरायला शिकतोय. दुकानात प्रायमरच्या इतक्या डब्या दिसतात की डोकं गरगरतं. सुरुवात कोणत्या प्रायमरने करू?’’

प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरही पाच मिनिटांत देता येईल. ते मी शेवटी देणार आहे. पण त्या डबीवर ‘स्मॉल पिस्टल’, ‘लार्ज पिस्टल’, ‘मॅग्नम’ असं का लिहिलेलं असतं, हे कळायला ठिणगीचा सगळा प्रवास बघावा लागतो. हा प्रवास आपल्या मुलखातूनही गेला आहे. होसकोट्यातून गेला, खडकीतून गेला, नाशिकमधूनही गेला. म्हणून आजचा भाग ठिणगीचा.

जामगी, काना आणि रंजक

बंदुकीत तीन गोष्टी लागतात : दारू, गोळी आणि ठिणगी. दारू आणि गोळी यांच्यावर इतिहासकार भरभरून लिहितात. ठिणगीकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. पण बार होणार की फुसका जाणार, हे ठरतं ठिणगीवर.

आपल्याकडे ठिणगीच्या कामासाठी फार जुना शब्द आहे, रंजक. तोफेच्या किंवा बंदुकीच्या नळीला मागच्या बाजूला एक बारीक भोक असायचं, त्याला काना म्हणत. त्या कान्यावर जी बारीक, कोरडी दारू टाकत, ती रंजक. रंजकीला आग लागली की ज्योत कान्यातून आत जायची आणि आतली मुख्य दारू पेटायची. शत्रूची तोफ निकामी करायची असेल तर तिच्या कान्यात खिळा ठोकत. तोफ तीच, दारू तीच, गोळा तोच, पण ठिणगीची वाट बंद केली की सगळं लोखंड मातीमोल. आजच्या पिस्तुलाच्या काडतुसात बुडाशी जी चकाकणारी छोटी टिकली दिसते, ती म्हणजे या रंजकीचीच पणती. इंग्रजीतल्या ‘प्रायमर’ला मराठी शब्द शोधत बसायची गरज नाही. तो आपल्याकडे शिवकाळापासून आहे.

रंजक पेटवायची कशाने? सुरुवातीला जामगीने. जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती उदबत्तीसारखी धुमसत राहते. चाप ओढला की दोरीचं पेटतं टोक रंजकीवर टेकतं. ही आपली तोड्याची बंदूक. साधी, स्वस्त, गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येणारी. पण शिपायाला कायम हातात विस्तव बाळगावा लागे. पाऊस आला की दोरी विझे. वारा आला की रंजक उडून जाई. आणि रात्री? अंधारात शंभर माणसं दबा धरून बसली तर शंभर लाल ठिपके दिसणार!

या काळात दारू सांभाळणं हीच अर्धी लढाई होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल स्पष्ट सूचना आहेत : तो राहत्या घरांजवळ नसावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोरबंद करून ठेवावी. तीनशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या कोणत्याही अॅम्युनिशन डेपोतल्या नियमांशेजारी ठेवा, फारसा फरक दिसणार नाही. कोरडं ठेवा, माणसांपासून दूर ठेवा, अधूनमधून तपासा.

होसकोट्याची रात्र

होसकोटे म्हणजे नवा किल्ला. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या मोहिमेनंतर बंगळुरू विजापूरकरांकडे आलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेलं. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर हा टापूही त्या जहागिरीतलाच. त्यामुळे या मातीशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे.

पण आजच्या विषयासाठी मला आठवते ती १७६८ ची एक रात्र. पहिलं इंग्रज-म्हैसूर युद्ध चालू होतं. गुत्तीचे मुरारराव घोरपडे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने हैदरअलीविरुद्ध उतरले होते. त्यांची छावणी होसकोट्याजवळ होती आणि इंग्रजांची छावणी थोड्या अंतरावर. २२ ऑगस्टच्या रात्री हैदरने मुराररावांच्या छावणीवर छापा घातला. बेत असा, की घोडदळाने तंबू तुडवत आत घुसायचं, गोंधळ उडवायचा आणि मागून पायदळाने काम संपवायचं.

मुरारराव मुरलेला सेनानी. त्यांनी आपल्या स्वारांना घोड्यावर चढूच दिलं नाही. प्रत्येकाने आपापल्या घोड्याच्या तोंडाशी पायी उभं राहायचं. म्हणजे अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू, इतका साधा हिशेब! हैदरचे स्वार तंबूंच्या दोरखंडांत अडकले. त्यातच छावणीतला एक जखमी हत्ती साखळी तोडून सुटला आणि तीच साखळी सोंडेत धरून फिरवत हल्लेखोरांच्या गर्दीत घुसला, असं इंग्रजी बखरकार सांगतात. छापा फसला. हैदरला माणसं गमावून मागे फिरावं लागलं.

फौजी माणूस म्हणून मला या लढाईत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ऑगस्ट महिना, पावसाचे दिवस, रात्रीची वेळ. अशा वेळी त्या काळच्या बंदुकीवर, मग ती तोड्याची असो की चकमकीची, कोणताही शहाणा सेनापती आपला जीव टांगत नसे. म्हणून भिस्त राहायची ती शिस्तीवर, भाल्यावर आणि तलवारीवर. ठिणगी भरवशाची नव्हती, तोवर बंदूक हे उन्हातलं हत्यार होतं.

चकमक आली, पण पाऊस गेला नाही

चकमकीच्या बंदुकीने विस्तव बाळगण्याची कटकट संपवली. घोड्यात बसवलेला गारेचा तुकडा पोलादावर घासला जाई, ठिणग्या पडत आणि रंजक पेटे. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडे अशाच बंदुका होत्या. पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने कारखाना उभारला. तिथे चांगली बंदूक दहा रुपयांत तयार होत असे. म्हणजे या घटकेपर्यंत मराठी फौज युरोपच्या बरोबरीने चालत होती. बंदूक आपल्याकडे घडत होती, दारू आपल्याकडे कुटली जात होती आणि गारगोटी तर दख्खनच्या पायाखाली पसरलेली.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे इथेच मेख आहे.

चकमकीचा दोष असा, की रंजक अजूनही उघडीच होती. झाकण होतं, पण मुसळधार पावसात झाकणाला कोण विचारतो? शिवाय आधी रंजक भडके, मग क्षणभर थांबून मुख्य बार होई. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याला शिकारीचा नाद होता. रंजकीचा भडका दिसला की बदकं उडून जात. त्याने डोकं चालवलं आणि १८०७ मध्ये एक पेटंट घेतलं. चकमकीची ठिणगी काढूनच टाकायची, आणि आघाताने फुटणाऱ्या रसायनावर हातोडा मारायचा. अशी रसायनं त्याआधीच माहीत झाली होती. एडवर्ड हॉवर्डने १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटवरचा आपला निबंध मांडला होता.

आघाताने फुटणारं रसायन म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीतली टिकली आठवा. दगडावर ठेवायची, वरून दुसरा दगड मारायचा. फोर्सिथची कल्पना हीच. पुढे १८२० च्या आसपास हे मिश्रण तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरलं गेलं. टोपी बंदुकीच्या बोंडावर बसवायची, हातोडा पडला की टोपी फुटते आणि ज्योत आत जाते. ही टोपीची बंदूक. कोकणात आणि घाटमाथ्यावर पिकाच्या राखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, त्यांतल्या पुष्कळशा याच जातीच्या.

फरक किती पडला? १८३४ मध्ये इंग्रजांनी वूलिच येथे चाचणी घेतली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून ६,००० बार काढले. चकमकीच्या बंदुकीने ९२२ वेळा दगा दिला, टोपीच्या बंदुकीने ३६ वेळा. म्हणजे चकमकीचा साधारण साडेसहा बारांमागे एक फुसका, तर टोपीचा दीडशेहून जास्त बारांमागे एक.

कागदावरचा हा फरक रणांगणावर १८४१ मध्ये दिसला. पहिल्या अफूच्या युद्धात ३० मे रोजी चीनमधल्या कँटनजवळ ३७ व्या मद्रास पलटणीची एक कंपनी वादळी पावसात मुख्य फौजेपासून तुटली. त्यांच्याकडे चकमकीच्या बंदुका होत्या. रंजक भिजली, एकही बार निघेना. भोवती भाले घेतलेले हजारो गावकरी. शिपायांनी चौरस बांधला आणि संगिनींवर तग धरला. त्यांना सोडवायला दोन कंपन्या गेल्या, त्या मरीन्सच्या, कारण त्यांच्याकडे नव्या टोपीच्या बंदुका होत्या. त्याच पावसात त्या बंदुका चालल्या. दक्षिण भारतातल्या शिपायांना जुनं हत्यार आणि गोऱ्या मरीन्सना नवं, हाही त्या प्रसंगाचा एक अर्थ आहे. तो आपण विसरू नये.

किल्ली कुणाच्या हातात?

आता मघाच्या मेखेकडे येऊ. चकमकीची बंदूक ज्याच्याकडे आहे, त्याला गार कुठेही मिळते. दारू गावात करता येते. शिसं वितळवून गोळ्या ओतता येतात. पण टोपी? ती गावच्या लोहाराला जमणारी वस्तू नाही. त्याला रसायनशास्त्र लागतं, पातळ पत्रा दाबणारी यंत्रं लागतात, आणि हजारो टोप्या एकसारख्या भरणारी शिस्त लागते. म्हणजेच कारखाना लागतो. बंदूक जितकी भरवशाची झाली, तितकी ती कारखान्याच्या मालकाची बांधील झाली.

१८५७ च्या एन्फिल्ड रायफलीचं काडतूस आठवा. आपण चरबीबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण ते काडतूस म्हणजे कागदी पुडी होती. तिच्यात दारू आणि गोळी होती, ठिणगी नव्हती. टोपी वेगळी मिळायची आणि ती सरकारी कोठारातून यायची. हातात शेकडो रायफली असल्या आणि टोप्या संपल्या, तर त्या रायफली लाठ्यांपेक्षा फार मोलाच्या राहत नाहीत.

१८६६ मध्ये इंग्रजांनी स्नायडर रायफल स्वीकारली. तिच्यासाठी वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी जे काडतूस केलं, त्यात दारू, गोळी आणि टोपी एकाच कवचात आली. तीन वर्षांनी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं दिसतात, ती या खडकीच्या कारखान्याची. १८७८ मध्ये लिटनचा हत्यार कायदा आला. ठिणगी कारखान्यात आणि बंदूक परवान्यात, अशी दुहेरी कडी बसली.

याच पुण्यात वासुदेव बळवंत फडके लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होते. १८७९ मध्ये त्यांनी रामोशी सोबत्यांसह बंड केलं. ज्या शहरात ते सरकारी दप्तरं लिहीत, त्याच्याच वेशीवर सरकारची काडतुसं तयार होत होती, आणि बंडवाल्यांना मात्र हत्यारं मिळेल तिथून गोळा करावी लागत होती. तीस वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलाने. सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुलं चोरून पाठवली होती. काडतुसांसकट पाठवावी लागली, कारण पिस्तूल एक वेळ कुणी कारागीर घडवेल, त्याच्या काडतुसाची टिकली घरात घडत नाही. ज्याच्या हातात ठिणगी, त्याच्या हातात सत्ता, असं मी म्हणतो ते यासाठी.

स्वातंत्र्यानंतर ही किल्ली आपल्या हातात आली. खडकी होतीच, १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. आम्ही फौजेत जी काडतुसं उडवली, ती महाराष्ट्रातल्या कामगारांच्या हातची. सीमेवर काडतूस आतल्या ठिणगीसकट पेटतं, तेव्हा त्यात वरणगावच्या एखाद्या ताईची नजरही असते, हे मी जवानांना नेहमी सांगत असे.

दोन कर्नल, दोन टिकल्या

आता प्रायमरच्या आत डोकावू. धातूची छोटी वाटी, तिच्यात मिश्रणाचा पातळ थर, आणि त्याखाली एक ऐरण. पिस्तुलाची सुई वाटीवर आदळते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडलं जातं, पेट घेतं आणि ज्योत भोकातून आतल्या दारूपर्यंत जाते. लोहाराची ऐरण आठवा, हातोडा आठवा. तत्त्व तेच, आकार मुगाच्या दाण्याएवढा.

ही ऐरण कुठे ठेवायची, यावरून दोन घराणी झाली. कर्नल बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण टिकलीच्या आत असते आणि कवचाला मध्यभागी एकच भोक. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण कवचाचाच भाग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक भोकं. दोघंही लष्करी माणसं, दोघांचं काम १८६६ च्या सुमाराचं. गंमत अशी, की इंग्रज बॉक्सरची टिकली अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची टिकली युरोपात आणि ब्रिटिश साम्राज्यात. आपली .३०३ बर्डन घराण्यातली.

असं का झालं? बर्डनची टिकली सोपी आणि स्वस्त पडते. युद्धात रिकामं कवच कोण गोळा करतो? सैन्याला तीच परवडते. अमेरिकेत मात्र दूरदूरच्या ठाण्यांवर आणि शेतांवर लोक रिकामी कवचं जपून पुन्हा भरत. १८८० च्या दशकात तिथल्या सैन्यातही सरावासाठी कवचं पुन्हा भरली जात. बॉक्सरच्या कवचात मध्ये एकच भोक असल्याने वरून सुई घालून दाबलं की जुनी टिकली बाहेर पडते. बर्डनच्या कवचात मध्ये ऐरण आडवी येते. म्हणून घरी काडतूस भरणाऱ्याचं पहिलं काम काय, तर रिकाम्या कवचात बॅटरी मारून बघायचं. एक भोक दिसलं तर ठेवा, दोन दिसली तर भंगारात टाका.

आणि आपल्या नेमबाजांचं काय? कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. त्या प्रकारात .२२ चं काडतूस लागतं. त्यात वेगळी टिकली नसतेच, मिश्रण कवचाच्या काठात भरलेलं असतं. सुईने काठ एकदा चेपला की कवच संपलं. ते पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे पुन्हा भरण्याची सगळी चर्चा मध्यभागी टिकली असणाऱ्या काडतुसांपुरती आहे.

मिश्रणाचाही इतिहास आहे. जुन्या टिकल्यांत पाऱ्याचं फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. क्लोरेट जळल्यावर जे उरतं ते मिठासारखं क्षार, हवेतली ओल ओढून घेतं आणि नळीला गंज चढवतं. म्हणून .३०३ च्या पिढीतले जवान फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतत आणि मगच पुल-थ्रू आणि तेल. पाऱ्याने आणखी एक घात केला. तो पितळेत शिरून कवच ठिसूळ करतो. असं कवच पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी भरणं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेलं न गंजवणारं मिश्रण बाजारात आलं आणि नंतर तेच सर्वत्र रुळलं. आज दुकानात मिळणारी नवी टिकली गंजवत नाही. पण जुनी लष्करी काडतुसं हाताळताना ही जुनी खोड लक्षात ठेवावी.

आता श्रोत्याचं उत्तर

इतकं बघितल्यावर डबीवरची अक्षरं सोपी होतात.

पहिली गोष्ट माप. पिस्तुलाच्या टिकल्या दोन मापांच्या : लहान ४.४५ मिलिमीटर, मोठी ५.३३ मिलिमीटर. ९ मिमी, .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांना लहान लागते. .४४ ला मोठी. .४५ एसीपीला बहुधा मोठी, पण या काडतुसाची लहान टिकलीची कवचंही निघतात. म्हणून कवचं आधी वेगळी करा.

दुसरी गोष्ट वाटीची जाडी. रायफलीच्या टिकलीची वाटी जाड असते, कारण तिथे दाब जास्त. पिस्तुलाची सुई ती नीट फोडेलच असं नाही. शिवाय मोठी रायफल टिकली मोठ्या पिस्तूल टिकलीपेक्षा उंच असते. ती पिस्तुलाच्या कवचात बसवली तर बुडाबाहेर डोकावते, आणि बाहेर डोकावणारी टिकली धोकादायक असते. लहान मापात दोन्ही दिसायला सारख्या. म्हणून डबीवरचं नाव वाचल्याशिवाय हात लावू नका.

तिसरी गोष्ट ज्योतीची ताकद. मॅग्नम टिकलीची ज्योत मोठी. ती काही सावकाश पेटणाऱ्या दारूंसाठी आहे. नवशिक्याने साधी घ्यावी, आणि भरणीच्या पुस्तकात त्या दारूसाठी, त्या गोळीसाठी जी टिकली सांगितली असेल तीच घ्यावी. सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन, सगळ्यांचा माल चांगला आहे. फेडरलची वाटी मऊ म्हणून ओळखली जाते आणि सीसीआयची जरा कडक. हलक्या चापाच्या रिव्हॉल्व्हरवाले मऊ शोधतात. पण एकदा एक निवडली की तीच धरा. टिकली बदलली तर दाब बदलतो, आणि दारूचं माप पुन्हा खालच्या पायरीपासून वर न्यावं लागतं. २०२० नंतर अमेरिकेत टिकल्यांची टंचाई झाली, तेव्हा मिळेल ती टिकली वापरण्याचा मोह अनेकांना झाला. तो मोह टाळावा. टंचाईत नेम कमी धरला तरी चालतो, बोटं शाबूत राहायला हवीत.

चौथी गोष्ट अमात्यांचीच. टिकल्या त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवा. त्यात प्रत्येकीला वेगळं घर असतं, ते उगाच नाही. बरणीत एकत्र ओतल्या तर एक फुटली की सगळ्या फुटतात. कोरडी जागा, मुलांपासून दूर, काम करताना डोळ्यांवर चष्मा. आणि रेंजवर सुई पडूनही बार झाला नाही, तर पिस्तुलाचं तोंड निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. ठिणगी कधीकधी उशिरा पोचते.

आता भारतातल्या श्रोत्यांसाठी. तुमच्यातल्या कुणाला हे ऐकून हात शिवशिवत असतील, तर १९५९ चा हत्यार कायदा वाचा. त्यातली ‘दारूगोळा’ याची व्याख्या मोठी आहे. काडतुसाचे भाग आणि काडतुसं बनवण्याची यंत्रंही तीत येतात. म्हणजे दारू नसलेली, गोळी नसलेली, एकटी टिकलीसुद्धा कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. आणि दारूगोळा तयार करायला पाचव्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. पिस्तुलाचा परवाना आहे म्हणून घरी काडतूस भरता येतं, असा समज कुणी करून घेऊ नये. अमेरिकेतल्या भाच्याचा व्हिडिओ बघून इथे प्रयोग करणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण.

शेवटची विनंती जुन्या घरांतल्या मंडळींना. माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक असेल, कपाटात आठवण म्हणून ठेवलेली .३०३ ची दोन काडतुसं असतील. ठासणीच्या बंदुकीत शेवटचा बार कुणी भरून ठेवला आणि तो काढला की नाही, हे बाहेरून कळत नाही. जुनी टिकली वयाने निर्धोक होत नाही, उलट बेभरवशाची होते. ती ठोकून बघू नका, चुलीजवळ नेऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा. जिवंत काडतूस परवान्याशिवाय घरात असणं हाही गुन्हा आहे, मग ते कितीही प्रेमाने ठेवलेलं असो.

दारू कोरडी ठेवावी, रंजक त्याहून कोरडी ठेवावी आणि डोकं सगळ्यांत थंड ठेवावं, हे मुराररावांच्या छावणीत जितकं खरं होतं तितकंच आजच्या रेंजवर खरं आहे. पुढच्या भागात गोळीबद्दल बोलू. तोवर प्रश्न पाठवत राहा. नमस्कार. जय हिंद.